टायको ब्राहे

टायको ब्राहे (१४ डिसेंबर १५४६ – २४ ऑक्टोबर १६०१) हे डॅनिश खगोलशास्त्रज्ञ होते. दुर्बिणीचा शोध लागण्यापूर्वी, केवळ नुसत्या डोळ्यांनी आकाशाचे वेध घेणाऱ्यांत त्यांचे वेध सर्वांत अचूक मानले जातात. त्यांचा जन्म तत्कालीन डेन्मार्कमधील (आता स्वीडनमधील) स्कॅनिया प्रांतात एका सरदार घराण्यात झाला. रोस्टॉक येथे १५६६ साली झालेल्या द्वंद्वात त्यांच्या नाकाचा काही भाग कापला गेला व पुढे आयुष्यभर ते धातूचे नाक लावत. शर्मिष्ठा तारकासमूहात १५७२ साली दिसलेल्या नव्या ताऱ्याच्या अभ्यासाने त्यांचे नाव युरोपभर झाले. राजा दुसरा फ्रेडरिक याने १५७६ साली त्यांना ह्वेन बेट दिले. तेथे त्यांनी उरानिबोर्ग ही वेधशाळा उभारली.

१५७७चा धूमकेतू

१३ नोव्हेंबर १५७७ रोजी ब्राहे बेटावरील तळ्यात मासे पकडत होते. सूर्य अजून मावळायचा होता, तोच पश्चिमेस शुक्रासारखे तेजस्वी काही त्यांना दिसले. संधिप्रकाश ओसरल्यावर त्याचे लांब पुच्छ स्पष्ट झाले आणि तो धूमकेतू असल्याचे कळले. पुच्छ सुमारे २२ अंश लांब, किंचित वक्र व तांबूस होते. जानेवारी १५७८ अखेरीपर्यंत ब्राहे त्याचे वेध घेत राहिले.

धूमकेतू हे पृथ्वीच्या वातावरणाच्या वरच्या थरात पेटणारे बाष्प होत, चंद्रापलीकडे काही बदलत नाही, असे ॲरिस्टॉटलचे मत तेव्हा प्रमाण होते. धूमकेतू चंद्राहून जवळ असता, तर काही तासांच्या अंतराने घेतलेल्या वेधांत ताऱ्यांच्या तुलनेत त्याचे स्थान चंद्राहूनही अधिक सरकलेले दिसले असते. या सरकण्यास लंबन म्हणतात. ब्राहे यांना ते फारच अल्प आढळले. प्रागमध्ये हायेक यांनी घेतलेल्या वेधांशीही त्यांनी आपले वेध ताडून पाहिले. धूमकेतू चंद्राच्या कितीतरी पलीकडे होता. ग्रहांना वाहून नेणारे घन स्फटिकगोल खरोखर असतील, तर त्यांतून तो आरपार गेला कसा, हा प्रश्न यातून उभा राहिला. हे विवेचन त्यांनी १५८८ साली लॅटिन ग्रंथात प्रसिद्ध केले.

त्यांचे सर्वच निष्कर्ष मात्र टिकले नाहीत. पुच्छ सूर्याच्या विरुद्ध दिशेस असते हे पीटर आपियान यांनी पूर्वीच नोंदवले होते. ब्राहे यांनी मात्र या धूमकेतूचे पुच्छ शुक्राच्या विरुद्ध दिशेस असल्याचे मांडले. राजासाठी लिहिलेल्या जर्मन टिपणात तर त्यांनी धूमकेतूची फलज्योतिषीय भाकितेही दिली. त्या काळी राजाश्रयी खगोलज्ञाकडून ती अपेक्षितच असत. पृथ्वी स्थिर आहे, हे मतही त्यांनी सोडले नाही.

अखेरची वर्षे

फ्रेडरिकच्या मृत्यूनंतर राजाश्रय आटला. ब्राहे यांनी १५९७ साली ह्वेन सोडले व १५९९ मध्ये ते प्रागला सम्राट दुसरा रुडॉल्फ याच्याकडे गेले. पुढील वर्षी योहानेस केप्लर त्यांचे सहायक झाले. ब्राहे यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या नोंदी केप्लर यांच्या हाती आल्या. त्यांपैकी मंगळाच्या वेधांवरून ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार असल्याचे केप्लर यांनी १६०९ साली दाखवले.