टरफलं वाया न घालवणारा प्रोफेसर: जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर

शेंगांची टरफलं म्हटलं की आपल्याला लहानपणीचे टिळक आठवतात. पण टरफलांचं पुढे करायचं काय, हा प्रश्न खरोखर मनावर घेतला तो अमेरिकेतल्या एका प्रोफेसरांनी. वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ (१९८१) तुम्ही वाचलं नसलं तरी घरातल्या कपाटात नक्की पाहिलं असेल. तेच हे कार्व्हर.

नेटवर त्यांची ओळख ‘पीनट बटरचा शोध लावणारा’ अशी फिरत असते. ती चूक आहे. शेंगदाण्याच्या लगद्याची पेटंट्स त्यांच्या आधीच दुसऱ्यांनी घेतली होती. कार्व्हर यांच्या नावावर एकूण तीनच पेटंट्स आहेत, तीही सौंदर्यप्रसाधन आणि रंगांची. मला त्यांचं गोठ्यातलं काम जास्त इंटरेस्टिंग वाटतं, आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

जॉर्जचा जन्म साधारण १८६४ चा, मिसूरी राज्यातला. आईवडील गुलाम, त्यामुळे जन्मतारखेची नोंद नाही. तान्हा असताना दरोडेखोरांनी त्याला आईसकट पळवलं. मालक मोझेस कार्व्हर यांना एका घोड्याच्या बदल्यात पोर परत मिळालं, आई कधीच सापडली नाही. पुढे शिक्षणासाठी गावोगाव भटकंती, लोकांचे कपडे धुऊन पोट भरणं. कॅन्ससमधल्या एका कॉलेजनं आधी प्रवेश दिला आणि मुलगा काळा आहे हे बघून दारातूनच परत पाठवलं. शेवटी आयोवाच्या कृषी महाविद्यालयातून त्यांनी १८९४ मध्ये पदवी आणि १८९६ मध्ये मास्टर्स घेतली. त्याच वर्षी बुकर टी. वॉशिंग्टन यांनी त्यांना अलाबामातल्या टस्कीगी संस्थेत बोलावून घेतलं.

तिथली परिस्थिती बिकट होती. गुलामी संपलेली, पण काळा शेतकरी दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्यानं कसायचा. बी-बियाणं, धान्य, अवजारं सगळं दुकानातून उधारीवर, आणि तारण काय तर येणारं कापूस पीक. वर्षानुवर्षं कापूस घेऊन जमिनीचा कस गेलेला. अशा माणसाला जनावरासाठी विकतचं खाद्य आणा म्हणून सांगण्यात काय अर्थ?

म्हणून १८९८ मध्ये टस्कीगीच्या प्रयोगशेतीतून जी पहिली माहितीपत्रिका निघाली, तिचा विषय कापूस नव्हता, शेंगदाणाही नव्हता. विषय होता एकॉर्न जनावरांना चारणं. एकॉर्न म्हणजे ओकच्या झाडाचं कवचाचं फळ. ‘आइस एज’मधली ती खार ज्याच्यामागे जिवाच्या आकांतानं पळते ना, तेच. जंगलात त्याचा खच पडायचा आणि सडून जायचा. फुकटचं खाद्य! एक भानगड मात्र आहे. एकॉर्नमध्ये टॅनिन हा तुरट पदार्थ भरपूर असतो. डुकरं तो बऱ्यापैकी पचवतात, पण गाईनं एकॉर्न अती खाल्ले तर तिची किडनी जाऊ शकते. नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हे समीकरण इथेच कोलमडतं.

भुईमूग त्यानंतर आला. त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतात, म्हणून थकलेल्या कापसाच्या रानात तो हवा होता. पण शेतकऱ्यानं एवढी शेंग पिकवून करायचं काय? कार्व्हर यांनी शेंगेचा प्रत्येक भाग कामाला लावायचं ठरवलं. टस्कीगीच्या संग्रहालयानं त्यांच्या नावावर जी लांबलचक यादी केली आहे, तिच्यात पशुखाद्याचा वेगळा गट आहे. टरफलांचा कोंडा, टरफलांचं पीठ, भुईमुगाच्या वाळल्या पाल्याची भुकटी, मळी मिसळलेलं खाद्य, अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठीचं खाद्य. दुर्दैव हे, की यातल्या बहुतेकांची कृती त्यांनी लिहूनच ठेवली नाही. डॉक्युमेंटेशन नसलेला कोड हातात आल्यावर काय वाटतं, ते आमच्या धंद्यातल्यांना विचारा!

बरं, टरफलांत खाण्यासारखं असतं तरी काय? शेंगदाण्याच्या पेंडीत प्रोटीन ४५ टक्क्यांच्या आसपास, टरफलात जेमतेम ६ ते ८. उरलेला बराचसा भाग सेल्युलोज आणि लिग्निन. लिग्निन म्हणजे लाकडाला लाकूडपण देणारा पदार्थ, तो गाईच्या चार कप्प्यांच्या पोटालाही पचत नाही. त्यामुळे टरफल एकटं चारून जनावर पोसलं जात नाही. खुराक जड असेल तर थोडा चोथा म्हणून ते चालतं. त्यातही फार बारीक दळलं तर रवंथ कमी होतो, म्हणजे चोथ्याचा मुख्य फायदाच गेला. आज पशुखाद्य कारखान्यांत टरफलाचा भुगा आणखी एका कामाला येतो. जीवनसत्त्वं किंवा औषधं चिमूटभर लागतात, ती खाद्यात सगळीकडे सारखी पसरावीत म्हणून आधी या भुग्यात मिसळतात.

कार्व्हर देशभर गाजले ते १९२१ मध्ये, अमेरिकन संसदेच्या समितीपुढे. आयात शेंगदाण्यावर कर हवा, हे सांगायला त्यांना दहा मिनिटं दिली होती. बॅगेतून एकेक पदार्थ निघत गेला आणि समितीनं वेळ वाढवत नेली. मात्र त्याच्या पंधरा वर्षं आधी, १९०६ पासून, खेडोपाडी फिरणारी टस्कीगीची घोडागाडी त्यांच्याच आराखड्यानुसार उभी राहिली होती. शाळेत येऊ न शकणाऱ्या शेतकऱ्याच्या दारात अवजारं आणि प्रात्यक्षिकं नेणारी. माझ्या मते त्यांचं मोठं काम हे.

५ जानेवारी १९४३ ला ते गेले. आयुष्यभराची बचत त्यांनी टस्कीगीतल्या संशोधनासाठी देऊन टाकली.

एक गोष्ट त्यांच्या हयातीत कोणालाच माहीत नव्हती. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी पटापट मेले. तपास ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत पोचला आणि त्यातून अफ्लाटॉक्सिन सापडलं, ॲस्परजिलस बुरशीचं विष. ओल धरलेल्या शेंगेवर, पेंडीवर, टरफलावर ही बुरशी वाढते, आणि गाईनं ते खाल्लं तर विषाचा अंश दुधात उतरतो. उकळूनही तो जात नाही. तुमच्या घरी किंवा गावी गोठा असेल, तर टरफलाचं पोतं ओलं झालेलं किंवा कुबट वास येणारं दिसलं की ते गव्हाणीत जाऊ देऊ नका.