मा रेनी : सूर तिचा, हिशेब कोणाचा?

कलावंताच्या स्वातंत्र्याची चर्चा बहुधा प्रतिभेच्या आणि निर्भयतेच्या अंगाने होते. त्या निर्भयतेचा खर्च कोण उचलतो, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. समाजाला न रुचणारे जीवन जगायचे आणि वर ते उघड गाऊनही दाखवायचे, तर नुसते धैर्य पुरत नाही. उद्याची भाकरी कोणाच्या मर्जीवर अवलंबून आहे, यावरही पुष्कळ काही ठरते. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लोकसंगीतात ‘ब्लूजची माता’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मा रेनी या गायिकेचे चरित्र या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. २०२३ साली, तिच्या मृत्यूनंतर तब्बल ८३ वर्षांनी, ग्रॅमी पारितोषिके देणाऱ्या संस्थेने तिला जीवनगौरव दिला. सन्मान एवढ्या उशिरा का आला, याचे उत्तरही या चरित्रातच सापडते.

तिचे मूळ नाव गर्ट्रूड प्रिजेट. जॉर्जिया राज्यातील कोलंबस या गावी २६ एप्रिल १८८६ रोजी आपला जन्म झाला, असे ती सांगे. जनगणनेच्या कागदांवरून मात्र तो त्याआधी काही वर्षे, शेजारच्या अलाबामात झाला असावा, असे संशोधकांना वाटते. गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा जेमतेम वीस वर्षे झाली होती. मुक्त झालेल्या गुलामांना जमीन मिळाली नव्हती. ते जुन्याच मालकांची शेते वाट्याने करीत, मालकाच्याच दुकानातून उधारीवर धान्य आणीत आणि हंगामाअखेरीस हिशेब झाला की बहुधा पुन्हा कर्जातच राहत. मतदानाचा हक्क कागदावर होता. पण तो बजावणे एकेका राज्यात अशक्य करून टाकले जात होते. ब्लूज हे संगीत या परिस्थितीतून आले. त्याची रचना अगदी साधी असते : एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचे. विषय रोजचे, सोडून गेलेला जोडीदार, तुरुंग, दारू, पूर, आगगाडी आणि रिकामा खिसा.

सुमारे १४ व्या वर्षी गर्ट्रूडने कोलंबसच्या नाट्यगृहात स्थानिक कलावंतांच्या कार्यक्रमात प्रथम गायन केले. १९०२ च्या सुमारास मिसुरीतील एका लहान गावात एका मुलीच्या तोंडून तिने एक विलक्षण करुण गाणे ऐकले आणि ते आपल्या कार्यक्रमात घेतले, ही हकीकत तिने पुढे एका अभ्यासकाला सांगितली. ‘ब्लूज’ हे नाव आपणच दिले, हा तिचा दावा संशोधक मान्य करीत नाहीत. परंतु शेतमजुरांचे हे गाणे तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकांसमोर नेणाऱ्या पहिल्या व्यावसायिक गायिकांपैकी ती एक होती, याबद्दल मतभेद नाही. १९०४ मध्ये विल रेनी या नटाशी तिचे लग्न झाले. तो ‘पा’ आणि ती ‘मा’, अशी ही जोडी फिरत्या तंबूंतून गाऊ-नाचू लागली. १९१६ च्या सुमारास दोघे विभक्त झाली. नाव मात्र तिने टाकले नाही. त्या नावाने आता ती स्वतःचा फड चालवू लागली.

या फडांचे अर्थकारण लक्षात घेतले पाहिजे. कापसाची वेचणी झाली की मजुरांच्या हाती थोडा पैसा खुळखुळे आणि तंबू नेमके त्या सुमारास त्या त्या भागात पोहोचत. गोरे आणि काळे प्रेक्षक एकाच तंबूत, पण वेगवेगळ्या बाजूंना बसत. मा रेनी सोन्याच्या नाण्यांची माळ घालून, हातात शहामृगाच्या पिसांचा पंखा घेऊन रंगमंचावर येई. तिचे दातही सोन्याने मढवलेले होते. रूढ अर्थाने ती सुंदर नव्हती आणि तसे भासवण्याचा तिने प्रयत्नही केला नाही. बँकेवर विश्वास नसलेल्या समाजातील स्त्री आपली मिळकत गळ्यात बाळगते, हे आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. १९२० मध्ये नाट्यगृहमालकांनी कृष्णवर्णीय कलावंतांचे कार्यक्रम ठरवणारी एक संघटना काढली. तिचे बहुतेक सभासद गोरे होते आणि त्यांच्या अटी कलावंतांना जाचक वाटत. मा रेनी त्या नाट्यगृहांतूनही गायली. पण तिचा मुख्य आधार तंबूतला तिचा स्वतःचा श्रोता हाच होता.

त्याच वर्षी मॅमी स्मिथ या गायिकेची ब्लूजची एक ध्वनिमुद्रिका अनपेक्षितपणे प्रचंड खपली आणि कृष्णवर्णीय ग्राहक ही एक बाजारपेठ आहे, हा शोध कंपन्यांना लागला. डिसेंबर १९२३ मध्ये पॅरामाऊंट कंपनीने मा रेनीला शिकागोत प्रथम ध्वनिमुद्रित केले. ही पॅरामाऊंट म्हणजे चित्रपटवाली कंपनी नव्हे. विस्कॉन्सिन राज्यातील एक खुर्च्या बनवणारा कारखाना ग्रामोफोनच्या लाकडी पेट्या करू लागला आणि पेट्या खपाव्यात म्हणून पुढे तबकड्याही काढू लागला. त्याच कारखान्याची ही शाखा. संगीत हे तिच्या लेखी फर्निचरला पूरक असे उत्पादन होते. तबकड्यांचा दर्जा हलका, ध्वनिमुद्रण निकृष्ट. ‘शिकागो डिफेंडर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रात जाहिराती द्यायच्या आणि टपालाने माल पाठवायचा, ही विक्रीची रीत. त्या काळी अशा तबकडीची किंमत साधारण ७५ सेंट असे. गायकांना बहुधा दर गाण्यामागे ठरावीक रक्कम मिळे. खपातील वाटा क्वचितच त्यांच्यापर्यंत पोहोचे.

१९२३ ते १९२८ या पाच वर्षांत मा रेनीची नव्वदहून अधिक गाणी मुद्रित झाली. त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश गाण्यांच्या रचनेत तिचा स्वतःचा हात होता. ‘बो वीव्हिल ब्लूज’ हे त्यांतील आरंभीचे गाणे. कापसाच्या बोंडात शिरणारा हा सोंडकिडा १८९२ च्या सुमारास मेक्सिकोतून टेक्ससमध्ये आला आणि पुढच्या तीस वर्षांत त्याने दक्षिणेची कापूसशेती पोखरून काढली. लक्षावधी कृष्णवर्णीय उत्तरेकडच्या शहरांत गेले, त्यामागील अनेक कारणांपैकी हे एक. शिकागोच्या कारखान्यातून थकून आलेला मजूर ही तबकडी लावी, तेव्हा तो सोडून आलेले गावच ऐकत असे. १९२४ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कमध्ये मुद्रित झालेल्या ‘सी सी रायडर ब्लूज’ या गाण्यात तेव्हाचा तरुण लुई आर्मस्ट्राँग तिला कॉर्नेटची साथ करतो. तिच्या वाद्यवृंदाचा प्रमुख टॉमस डॉर्सी पुढे कृष्णवर्णीयांच्या भक्तिसंगीताचा जनक म्हणून प्रसिद्धीस आला. त्याच वर्षापासूनच्या दौऱ्यांत ती रंगमंचावरील एका प्रचंड ग्रामोफोनच्या पेटीतून गात बाहेर येई. यंत्रात कोंडलेला आवाज हाडामांसाची बाई होऊन समोर उभा राहिला, की तंबूत एकच जल्लोष उसळे.

स्त्रियांविषयीचे तिचे प्रेम हा या चरित्राचा गाभ्याचा भाग आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. तिचे संबंध पुरुषांशीही होते. परंतु स्त्रियांकडील ओढ तिने लपवली नाही. १९२५ मध्ये शिकागोत स्त्रियांच्या एका खासगी मैफलीवर पोलिसांचा छापा पडला, तिला अटक झाली आणि दुसऱ्या दिवशी बेसी स्मिथ या तिच्याहून तरुण गायिकेने तिला जामीन दिला, असे सांगितले जाते. जून १९२८ मध्ये तिने ‘प्रूव्ह इट ऑन मी ब्लूज’ हे गाणे मुद्रित केले. त्यातील स्त्री पुरुषी पोशाख करते आणि स्त्रियांच्याच संगतीत रमते. लोक काय बोलतात हे तिला ठाऊक आहे. पण ती क्षमा मागत नाही आणि इन्कारही करीत नाही. पुराव्याची जबाबदारी ती आरोप करणाऱ्यावरच टाकते. इलिनॉय राज्याने समलिंगी संबंध गुन्ह्यांच्या यादीतून वगळले ते १९६१ साली, आणि तसे करणारे ते अमेरिकेतील पहिले राज्य होते. म्हणजे हे गाणे कायद्याच्या किती पुढे होते, हे ध्यानात येईल. कंपनीच्या जाहिरातीत कोट-टायमधील मा रेनी दोन तरुणींशी बोलत आहे आणि बाजूला पोलीस पाळत ठेवून उभा आहे, असे चित्र होते. ही कंपनीची उदारता मानण्याचे कारण नाही. कुजबुज खपते, हे तिला कळले होते. बाजार नीती शिकवत नाही, तशी तो ती राखतही नाही. खप आहे तोवर तो धाडसालाही जागा देतो.

तो खप ओसरताच काय होते, हे त्याच वर्षी दिसले. तिचे गाणे जुन्या, गावठी वळणाचे झाले, असे ठरवून १९२८ मध्येच पॅरामाऊंटने तिच्याशी असलेला करार संपवला. बोलपट आले, रेडिओ आला आणि १९२९ च्या मंदीने उरलेसुरले तंबूही उठवले. पुढे खुद्द पॅरामाऊंटही बुडाली. तिच्याकडचे धातूचे मूळ साचे भंगारात गेले, आणि आज मा रेनीचा आवाज ऐकायला मिळतो तो गोरगरिबांच्या घरी झिजलेल्या तबकड्यांवरून.

कंपनीने हात काढून घेतला, पण ती रस्त्यावर आली नाही. तिची समकालीन मंडळी दारिद्र्यात मेली, तशी पाळी तिच्यावर आली नाही; कारण आपली मिळकत तिने राखली होती. फड तिचा, दौऱ्याची बस तिची आणि निर्णयही तिचे. सहकाऱ्यांच्या आठवणींत ती वेळेवर पगार देणारी मालकीण आहे. १९३५ मध्ये आई आणि बहीण वारल्यावर ती कोलंबसला परतली आणि जॉर्जियातील दोन नाट्यगृहे चालवू लागली. तबकडीवर ती धिटाईने गाऊ शकली, याचे श्रेय तिच्या स्वभावाला आहेच. पण मागे स्वतःचा तंबू आणि स्वतःचा श्रोता नसता, तर तो स्वभाव कितपत टिकला असता, याची शंका वाटते.

२२ डिसेंबर १९३९ रोजी हृदयविकाराने तिचे निधन झाले. मृत्यूच्या दाखल्यावर तिचा व्यवसाय घरकाम असा नोंदवला गेला. जिच्या गाण्यांत संसार, चूल आणि पतिसेवा जवळजवळ कोठेच येत नाहीत, जिने तीस-पस्तीस वर्षे माणसे पोसली आणि नाट्यगृहे चालवली, तिच्यासाठी सरकारी रकान्याला दुसरा शब्द सापडला नाही. ही चूक एका कारकुनाची म्हणून सोडून देता येत नाही. कष्ट करणारी स्त्री आणि त्यातही काळी स्त्री म्हटली की ती कोणाच्या तरी घरचे काम करीत असणार, हे त्या समाजाने गृहीतच धरले होते.

पुढचा हिशेब मोठा आहे. १९८१ मध्ये तिच्यावर सविस्तर अभ्यासग्रंथ निघाला. ऑगस्ट विल्सन यांचे तिच्यावरील नाटक १९८४ मध्ये ब्रॉडवेवर आले आणि २०२० मध्ये त्याचा चित्रपट झाला. १९९४ मध्ये तिच्या नावे टपाल तिकीट निघाले. १९९८ मध्ये अँजेला डेव्हिस यांनी कष्टकरी काळ्या स्त्रियांच्या स्त्रीवादाचा उगम तिच्या आणि बेसी स्मिथच्या गाण्यांत दाखवून दिला. ‘स्त्रीवाद’ हा शब्द मा रेनीने वापरला नसेल. पण आपल्या देहावर, मिळकतीवर आणि सुरावर आपलीच मालकी आहे, ही त्यातील मूळ गोष्ट तिने आचरून दाखवली होती.

अशा गौरवांचा आनंद मानावाच. मात्र एखाद्या लोककलावंताची शताब्दी साजरी करताना त्याच्या हयातीत तिकिटाचे पैसे कोणाकडे गेले, गाण्याचे हक्क कोणाच्या नावावर होते आणि सरकारी कागदावर त्याचा व्यवसाय काय लिहिला गेला, एवढे तीन प्रश्न आपण विचारले पाहिजेत. मा रेनीच्या बाबतीत पहिल्याचे उत्तर बऱ्याच अंशी तिच्या बाजूने येते, दुसऱ्याचे फार थोडे आणि तिसऱ्याचे मुळीच नाही. पहिले उत्तर तिच्या बाजूने होते, म्हणूनच तिला हवे ते गाता आले.