आचार्य प्रफुल्लचंद्र राय

परीक्षेत यश मिळविलेल्या मुलामुलींचा गौरव करण्याची प्रथा ज्ञातिसंस्थांतून फार वर्षांची आहे. परंतु पदवी मिळाल्यावर जो विद्यार्थी नोकरीचा मार्ग सोडून संशोधनाकडे वळतो, त्याच्या योगक्षेमाचा भार कोणी वाहावयाचा, हा प्रश्न पुष्कळ कुटुंबांत अनुत्तरितच राहतो. तो भार ज्यांनी स्वतःच्या शिरावर घेतला, त्या आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांचे चरित्र म्हणूनच येथे सादर करीत आहो. आचार्य आपल्या ज्ञातीचे नव्हते, प्रांताचेही नव्हते. पण थोरांची चरित्रे अशा कुंपणांत मावत नाहीत.

त्यांचा जन्म २ ऑगस्ट १८६१ रोजी पूर्व वंगातील राडुली या गावी झाला. हे गाव आज बांगलादेशात आहे. वडील हरिश्चंद्र हे जमीनदार असून विद्याव्यासंगी होते. कलकत्त्यास शिकत असता आमांशाच्या विकाराने प्रफुल्लचंद्रांची शाळा सुटली व प्रकृती कायमची नाजूक झाली. परंतु त्या सक्तीच्या विश्रांतीत त्यांनी वडिलांच्या ग्रंथसंग्रहाचा मनसोक्त लाभ घेतला. १८८२ साली गिलख्रिस्ट शिष्यवृत्ती मिळवून ते एडिंबरो विद्यापीठात गेले आणि प्राध्यापक क्रम ब्राउन यांच्या हाताखाली रसायनशास्त्राचे अध्ययन करून १८८७ साली डी. एस्‌सी. झाले.

१८८८ साली ते स्वदेशी परतले, तेव्हा शिक्षणखात्यातील वरिष्ठ श्रेणीची दारे हिंदी मनुष्यास जवळजवळ बंदच होती. सुमारे वर्षभर त्यांना काम मिळाले नाही. अखेर १८८९ साली प्रेसिडेन्सी कॉलेजात दरमहा २५० रुपयांवर साहाय्यक प्राध्यापकाची तात्पुरती जागा मिळाली. तेथेच १८९५ च्या सुमारास पाऱ्यावर सौम्य नायट्रिक आम्लाची क्रिया होत असता पिवळे स्फटिक जमलेले त्यांच्या दृष्टीस पडले. दुसऱ्या एखाद्याने ते टाकूनही दिले असते. त्यांनी त्यांचे पृथक्करण केले आणि मर्क्युरस नायट्राइट हे नवे संयुग जगापुढे आले. पुढे नायट्राइटांचा अभ्यास हेच त्यांचे आयुष्यभराचे संशोधनक्षेत्र झाले. केवळ ७०० रुपयांच्या भांडवलावर १८९२ साली सुरू केलेला औषधी व रसायनांचा त्यांचा कारखानाही ‘बेंगॉल केमिकल’ या नावाने नावारूपास आला.

१९०२ व १९०९ साली त्यांनी हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास दोन खंडांत प्रसिद्ध केला. एके काळी धातुविद्येत व औषधविद्येत पुढे असलेला हा देश मागे का पडला, याचा विचार करताना त्यांनी जातिव्यवस्थेवर स्पष्टपणे बोट ठेवले. हाताने काम करणारा कारागीर आणि ग्रंथ वाचणारा पंडित यांची जातीच्या भिंतीने ताटातूट झाली, तेव्हाच प्रयोगशील विज्ञानाचा झरा आटला, असा त्यांचा निष्कर्ष होता. ज्ञातीच्या नावाने एकत्र येणाऱ्या आपण सर्वांनी हा निष्कर्ष अंतर्मुख होऊन वाचण्याजोगा आहे.

१९१६ साली प्रेसिडेन्सी कॉलेजातून निवृत्त होऊन ते कलकत्ता विद्यापीठाच्या विज्ञान महाविद्यालयात पालित प्राध्यापक झाले. तारकनाथ पालित व रासबिहारी घोष या दोन कायदेपंडितांच्या देणग्यांतून हे महाविद्यालय उभे राहिले होते. अध्यापनात आचार्यांची रीत वेगळी होती. वरिष्ठ प्राध्यापक सहसा टाळतात ते खालचे वर्ग ते आवडीने शिकवीत, कारण होतकरू मुलगा तेथेच हेरता येतो. ज्ञानचंद्र घोष, ज्ञानेंद्रनाथ मुखर्जी, नीलरतन धर हे त्यांचे शिष्य. सत्येंद्रनाथ बोस यांनीही त्यांच्यापाशी रसायनाचे धडे घेतले. आणि जन्मावरून वसतिगृहात ज्याला अवहेलना सोसावी लागली, तो गरीब दुकानदाराचा मुलगा मेघनाद साहा हाही त्यांच्याच वर्गात बसला. शिष्यांचे नाव आपल्यापुढे गेलेले पाहण्यात त्यांना धन्यता वाटे. १९२४ साली इंडियन केमिकल सोसायटी स्थापन झाली, तिचे ते पहिले अध्यक्ष होते.

आचार्य अविवाहित राहिले. १९०२ च्या आरंभी नामदार गोखल्यांनी गांधीजींशी त्यांचा परिचय करून दिला, तो ८०० रुपये वेतनातील ४० रुपये स्वतःस ठेवून बाकीचे लोककार्यास देणारा मनुष्य म्हणून. पुढे १९२१ साली वयाला साठ वर्षे पूर्ण होताच त्यांनी आपले विद्यापीठाचे सर्व वेतन रसायन विभागाची वाढ व संशोधकांच्या वृत्ती यांसाठी विद्यापीठासच अर्पण केले, आणि १९३६ साली निवृत्त होईपर्यंत हा क्रम चालविला. स्वतः ते महाविद्यालयातीलच एका खोलीत राहत; काही गरीब विद्यार्थीही त्यांच्या आश्रयास असत. त्याच खोलीत १६ जून १९४४ रोजी त्यांचे देहावसान झाले.

विद्यापीठाचा विभाग केवळ इमारतीने व उपकरणांनी उभा राहत नाही. एका बाजूस शिष्यात रमणारा गुरू आणि दुसऱ्या बाजूस त्या शिष्याच्या दोन-तीन वर्षांच्या चरितार्थाची सोय, या दोन्ही गोष्टी लागतात. पहिली दैवाधीन असेल. दुसरी मात्र आपल्या हातची आहे. आपल्या घरातील एखादी मुलगी अथवा मुलगा प्रयोगशाळेत आणखी काही वर्षे काढू इच्छीत असेल, तर नोकरी कधी, असे विचारण्यापूर्वी आचार्यांच्या त्या खोलीचे स्मरण करावे, एवढीच वाचकांस विनंती.