जॉर्जिया ओकीफ : मधली नजर गेली, काम राहिले

फुलांच्या भव्य चित्रांसाठी ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकन चित्रकार जॉर्जिया ओकीफ यांचा जन्म १८८७चा, विस्कॉन्सिनमधला. पुढे त्या न्यू मेक्सिकोत स्थायिक झाल्या. ऐंशी ओलांडल्यावर त्यांच्या दृष्टिपटलाचा मध्यभाग, म्हणजे मॅक्युला, निकामी होऊ लागला. कडेचे दिसे, समोरचे पुसट. कुणाच्या मदतीविना रंगवलेले त्यांचे शेवटचे तैलचित्र १९७२चे. मॅक्युलर डीजनरेशनवर तेव्हा परिणामकारक उपचार नव्हता. तरीही ओकीफ मदतनीस घेऊन रंगवत राहिल्या, हातांना कळणाऱ्या मातीकामाकडे वळल्या. १९८६मध्ये, ९८व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आज ‘ओल्या’ प्रकारात डोळ्यात द्यायच्या इंजेक्शनांनी बहुतेकांची नजर टिकते, काहींची सुधारतेही. मात्र ती पुन्हा पुन्हा घ्यावी लागतात आणि गेलेली नजर सहसा पूर्ण परतत नाही. ‘कोरडा’ प्रकार सावकाश वाढतो. त्यात धूम्रपान सोडणे, नियमित तपासणी आणि मध्यम टप्प्यात डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरावीक जीवनसत्त्वे-खनिजांच्या गोळ्या यांचा उपयोग होतो. दाराची सरळ चौकट वाकडी दिसू लागली, तर चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून थांबू नये. लगेच नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. ओकीफ यांना न मिळालेली संधी आज वेळेवर येणाऱ्याला मिळू शकते.