समुद्रापलीकडची पाच वर्षे

आपल्या गावात सारंगपाणी देवळाच्या सन्निधी रस्त्यावर एक जुने बैठे घर आहे. गावाकडचे पाहुणे आले की देवळाबरोबर आपण हे घरही दाखवतो. थोर गणिती श्रीनिवास रामानुजन यांचे हे घर आज स्मारक म्हणून जपलेले आहे. कोणी गलाईच्या धंद्यासाठी, कोणी नोकरीसाठी असे आपण इथे आलो. आता आपली मुले विमानात बसून शिकायला परदेशी निघाली आहेत. म्हणून यंदा या घरातून परदेशी गेलेल्या मुलाची आठवण.

रामानुजन यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ रोजी आजोळी, इरोडला झाला. वडील कुंभकोणमला कापडाच्या दुकानात कारकून होते. टाऊन हायस्कूलमध्ये हा मुलगा गणितात सर्वांच्या पुढे असे. इथल्या सरकारी कॉलेजात शिष्यवृत्ती मिळाली, पण गणितापुढे इतर विषय सुचेनात, नापास झाले आणि शिष्यवृत्ती गेली. १९०९ मध्ये जानकीशी लग्न झाले. नोकरीसाठी वणवण झाली. नेल्लोरचे कलेक्टर रामचंद्र राव यांनी काही काळ दरमहा मदत केली. १९१२ मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये तीस रुपये पगाराची कारकुनी मिळाली.

जानेवारी १९१३ मध्ये त्यांनी केंब्रिजच्या हार्डी या गणितज्ञाला आपली सूत्रे पाठवली. हार्डींनी बोलावणे धाडले, पण समुद्र ओलांडणे तेव्हा धर्मबाह्य मानत. याच कुंभकोणमला जन्मलेले आपले तंजावर मराठी दिवाण सर टी. माधवराव यांनीही विलायतेत साक्ष देण्याचे बोलावणे याच कारणाने नाकारले होते. रामानुजन यांनीही आधी नकारच दिला. पुढे नेव्हिल हे केंब्रिजचे प्राध्यापक मद्रासला आले, त्यांनी मन वळवले. नामक्कलच्या नामगिरी देवीने स्वप्नात कौल दिल्यावर आईनेही होकार दिला, असे सांगतात.

मद्रास विद्यापीठाने वर्षाला अडीचशे पौंड मंजूर केले. त्यातले दरमहा साठ रुपये घरी पोचावेत, अशी सोय रामानुजन यांनी जाण्याआधीच केली. शेंडी कापली, कोट-बूट चढवले. १७ मार्च १९१४ रोजी नेवासा बोटीने निघाले आणि १४ एप्रिलला लंडनला पोचले.

तिथे गणिताचे सोने झाले. एखादी संख्या बेरजेने किती प्रकारे मांडता येते? चार ही संख्या पाच प्रकारे मांडता येते, पण संख्या मोठी झाली की मोजदाद हाताबाहेर जाते. ती काढण्याचे सूत्र हार्डी आणि रामानुजन यांनी दिले. १९१८ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले, त्याच वर्षी ट्रिनिटी कॉलेजचेही.

पण संसाराच्या साध्या गोष्टी कोणी शिकवल्या नव्हत्या. पुढे नामांकित संख्याशास्त्रज्ञ झालेले प्रशांतचंद्र महालनोबीस तेव्हा तिथे शिकत होते. रामानुजन रात्री ओव्हरकोट घालून, शाल गुंडाळून कुडकुडत झोपतात, हे त्यांना कळले. पाहतात तो पलंगावर ब्लँकेटे नीट खोचून ठेवलेली. त्यांच्या आत शिरून झोपायचे, हेच रामानुजन यांना ठाऊक नव्हते. महालनोबीस यांनी ते दाखवून दिले.

जेवण कडक शाकाहारी, स्वतःच्या हातचे. कामाच्या नादात वेळ-अवेळ राहत नसे. महायुद्ध पेटले, भाजीपाला मिळेनासा झाला. इकडे सासू-सुनेचे पटत नव्हते. आपली पत्रे त्यांच्यापर्यंत पोचू दिली जात नव्हती, असे जानकी अम्माळ पुढे सांगत. १९१७ मध्ये अंथरूण धरले आणि पुढचा बराच काळ इस्पितळांत गेला. तेव्हा क्षय समजून उपचार झाले. तो यकृतातला आमांशाचा विकार असावा, असे मत १९९४ मध्ये एका डॉक्टरांनी मांडले.

मार्च १९१९ मध्ये ते मुंबईच्या धक्क्यावर उतरले. आई आणि भाऊ न्यायला आले होते, जानकी नव्हती. ती पुढे मद्रासला भेटली आणि शेवटपर्यंत तिनेच शुश्रूषा केली. आजारपणातही नवे गणित चालूच होते. २६ एप्रिल १९२० रोजी मद्रासला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते गेले. समुद्र ओलांडला म्हणून काही नातलग अंत्यविधीलाही आले नाहीत.

रामानुजन गेले नसते तर जगाला कळले नसते, म्हणून जाणे योग्यच होते. उणीव राहिली ती पाठराखणीची. आज बोटीचा महिना विमानाच्या एका दिवसावर आला आहे, फोनवर चेहराही दिसतो. तेव्हा परदेशी गेलेल्या मुलाला मार्क आणि पगार जरूर विचारावा. पण त्याआधी जेवलास का, पांघरूण पुरते का, शेजारी बोलायला कोणी आहे का, हे विचारावे. आणि घरातले रुसवे-फुगवे त्याच्या वाटेत येऊ देऊ नयेत.