भोयाची वाट आणि लॅम्बटनचा नकाशा

हातकणंगल्याला आलात की आमच्या मळ्याकडे कसे यायचे, हे सांगायला मला कधी नकाशा लागला नाही. फाट्यावर वडापातून उतरा, विहिरीपाशी डावीकडे वळा, चिंचेखालून पाणंदीला लागा आणि उसाच्या शेवटच्या फडापर्यंत नाकासमोर चला. वडिलांच्या काळापासून एवढ्यावर भागत आले. पुढे चिंच पडली, विहीर बुजली. पाणंदीचे काय झाले ते शेवटी सांगतो. त्याआधी एका परमुलखातल्या माणसाची गोष्ट सांगायची आहे, कारण पाणंदीच्या भांडणापायी नकाशे चाळता चाळता मी त्याच्यापाशी जाऊन पोहोचलो.

माणसाचे नाव विल्यम लॅम्बटन. तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवताना मी मुलांना एव्हरेस्ट कितीदा सांगितला असेन, पण ज्याच्या हाताखाली तो एव्हरेस्टसाहेब तयार झाला त्या लॅम्बटनला माझ्या तासाला कधी एका वाक्यापलीकडे जागा मिळाली नाही. आणि हा माणूस गेला कुठे, तर आपल्याच महाराष्ट्रात, वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला.

जन्म १७५३ च्या सुमाराचा, इंग्लंडातल्या यॉर्कशायर परगण्यातला. घर बेताचे. गणित चांगले, म्हणून शिकला. पैसा नव्हता, म्हणून पलटणीत शिरला. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात १७८१ साली यॉर्कटाऊनला इंग्रजांनी शस्त्रे खाली ठेवली, त्या कैद्यांत तोही होता. सुटल्यावर कॅनडाच्या बाजूला न्यू ब्रन्सविकमध्ये वर्षानुवर्षे बराकींचा कारभार पाहत राहिला, आणि नव्याने वसणाऱ्या लोकांना जमिनीचे तुकडे मोजून देत राहिला. तिथेच सूर्यग्रहण पाहताना पुरेशी काळजी न घेतल्यामुळे एका डोळ्याची दृष्टी गेली. ज्याने पुढे उभे आयुष्य दुर्बिणीला डोळा लावून काढले, त्याला डोळा एकच होता!

हिंदुस्थानात तो आला १७९७ साली, चाळिशी उलटल्यावर. पलटणीचा प्रमुख आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत रात्रीच्या कूचात एक तुकडी उलट्या दिशेने, थेट शत्रूकडे निघाली होती. लॅम्बटनने आकाशातल्या ताऱ्यांवरून ते ओळखले आणि सेनापतीला सांगितले. टिपू पडला, म्हैसूरचा मुलूख इंग्रजांच्या पंखाखाली आला, आणि या अबोल माणसाने एक अर्ज पुढे केला. मद्रासच्या किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत सारे द्वीपकल्प गणिताने मोजायचे, आणि जमल्यास पृथ्वीचा आकारही त्यातून काढायचा.

कंपनी सरकारला पृथ्वीच्या आकाराशी काय देणेघेणे? त्यांना हवे होते सैन्य न्यायला रस्ते आणि सारा बसवायला जमीन. यात धर्मार्थ काही नव्हते, हे विसरून चालणार नाही. लॅम्बटनला मात्र खरी ओढ दुसऱ्या गोष्टीची होती. वेलस्लीचा पाठिंबा होता म्हणून अर्ज मंजूर झाला इतकेच.

मद्रासच्या खजिन्यावरच्या एका बड्या अंमलदाराने या कामावर घेतलेला आक्षेप मला फार आवडतो. त्याचे म्हणणे असे की, एखाद्याला श्रीरंगपट्टणला जायचे असेल तर त्याने पालखीच्या म्होरक्या भोयाला तसे सांगावे, बस्स. लॅम्बटनचा नकाशा न बघता भोई त्याला बिनचूक नेऊन सोडील. मग हा खर्च कशाला? वाचकहो, हसू नका. चिंचेखालून पाणंदीला लागा म्हणणारा मी तरी याहून निराळे काय सांगत होतो?

भोयाला वाट ठाऊक असते, पण देश केवढा आहे ते ठाऊक नसते. त्या वेळच्या नामांकित नकाशांत मद्रासपासून मंगळूरपर्यंतची रुंदी सुमारे ४०० मैल धरलेली होती. लॅम्बटनने मोजली तेव्हा ती ३६० मैलांच्या आसपास भरली. कोल्हापूर ते मिरज रेल्वेचे अंतर पन्नास किलोमीटरच्या आत आहे. त्याहूनही रुंद असा ४० मैलांचा पट्टा कागदावर फुकटचा होता, आणि त्यावरून कुणाचे काही अडले नव्हते. वाट जो तो चालून बघतो, सबंध देश कोण चालून बघणार?

त्याची रीत कळायला सोपी आहे. समजा, रामलिंगाचा डोंगर आणि कुंभोजजवळचा बाहुबलीचा डोंगर यांतले अंतर तुम्हाला नेमके माहीत आहे. आता दोन्हींवर उभे राहून जोतिबाचा डोंगर पाहा आणि कोन मोजा. जोतिबाला पाऊलही न टाकता तो किती लांब आहे ते गणिताने निघते. मग ती नवी बाजू धरून पुढचा त्रिकोण, तिच्यावरून आणखी पुढचा. पण पहिली बाजू मात्र जमिनीवर साखळी टाकूनच मोजावी लागते, आणि तिथे चूक झाली तर ती प्रत्येक त्रिकोणातून पुढे जात राहते.

ही पायाची रेषा त्याने १८०२ च्या एप्रिलात मद्रासजवळ सेंट थॉमस माऊंटपाशी मोजायला घेतली. लांबी साडेसात मैल. साखळी पोलादी, १०० फुटी, अडीच अडीच फुटांच्या ४० कांड्यांची. खरे तर ती चीनच्या बादशहाला नजराणा म्हणून गेली होती. तिथे नाकारली गेली आणि फिरत फिरत कलकत्त्याला आली. लाकडी पन्हाळीत ती ताणून ठेवायची, उन्हाने पोलाद वाढते म्हणून वर तंबूचे कापड धरायचे, शेजारी उष्णतामापके ठेवायची, वाचायची, लिहायची, मग साखळी पुढे. असे सुमारे ४०० वेळा. साडेसात मैलांना ५७ दिवस लागले. आपण तेवढे अंतर सायकलने तासाभरात तोडतो.

कोन मोजण्याचा थिओडोलाइट अर्ध्या टनाचा. तो इंग्लंडहून येत असताना फ्रेंचांनी जहाजच पकडून मॉरिशसला नेले. पण पेटाऱ्यात तोफ नसून शास्त्राचे उपकरण आहे हे पाहून तिथल्या फ्रेंच गव्हर्नराने ते सौजन्याने मद्रासला पाठवून दिले. हे अवजड धूड माणसांच्या खांद्यांवरून डोंगरोडोंगरी चढत असे. तंजावरच्या सपाट मुलखात डोंगरच नाहीत, म्हणून मंदिरांची गोपुरे चढावी लागली. १८०८ साली तिथल्या मोठ्या देवळावर यंत्र वर ओढताना दोर तुटला आणि ते भिंतीवर आपटले. कोन वाचायचे मोठे चक्र पार वेडेवाकडे झाले. दुसरा कोणी नशिबाला बोल लावून स्वदेशी परतला असता. लॅम्बटनने स्वतःच्या खर्चाने विलायतेत नवे यंत्र मागवलेच, आणि ते येईपर्यंत वाट न बघता तंबूत स्वतःला कोंडून घेऊन सहा आठवड्यांत चक्र पुन्हा वर्तुळात आणले. त्याच दुरुस्त यंत्रावर पुढची कित्येक वर्षे काम चालले.

मला या माणसाचा स्वभाव इथे दिसतो. मुलखावर मुलूख ओलांडत तो वीस वर्षे तंबूत राहिला, पण आत्मचरित्र वगैरे काही लिहिले नाही. त्याच्या बरोबरीने राबलेल्या निशाणवाल्यांची आणि खलाशांची नावे तर कुणीच लिहिली नाहीत. डोंगरावर निशाण धरून उभा राहायचा हिंदी माणूस, तापाने मरायचा तोही हिंदी माणूस. गावोगावी त्यांच्याकडे संशयानेच पाहिले जाई. त्या दुर्बिणीत दृश्य उलटे दिसते, हे कळल्यावर तर साहेब आपल्या बायाबापड्यांना उलटे करून पाहतो, असा समज पसरला आणि तंटे झाले. मोजायला आलेल्या माणसाचे स्वागत आजही कुठे होते म्हणा!

कन्याकुमारीकडून उत्तरेला चाललेली त्रिकोणांची मुख्य माळ साधारण ७८ रेखांशाच्या काठाने सरकत बिदरपर्यंत आली. १८१८ साली या कामाला ग्रेट ट्रिगॉनॉमेट्रिकल सर्व्हे हे नाव मिळाले आणि त्याच वर्षी जॉर्ज एव्हरेस्ट साहाय्यक म्हणून नेमला गेला. लॅम्बटन तेव्हा पासष्टीचा. फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने आणि लंडनच्या रॉयल सोसायटीनेही तोवर त्याला आपले म्हटले होते. त्याच्या हयातीत त्रिकोणांखाली आलेले क्षेत्र १,६५,००० चौरस मैलांच्या वर होते.

१८२२ च्या अखेरीस मुक्काम नागपूरला हलवायचा ठरला. हैदराबादेहून तांडा निघाला. क्षयाने म्हाताऱ्याची छाती पोखरली होती. हिंगणघाटला तंबू पडला आणि २० जानेवारी १८२३ रोजी तिथेच तो गेला. एव्हरेस्ट त्या वेळी जवळ नव्हता. तो बिदरहून मुंबईच्या दिशेने दुसरी माळ ओढत होता. पुढे त्याने हाच धागा वऱ्हाडातून उचलला आणि माळ मसुरीच्या पायथ्यापर्यंत नेली, सुमारे २४०० किलोमीटर. १८६५ साली जगातल्या सर्वांत उंच शिखराला एव्हरेस्टचे नाव मिळाले. लॅम्बटनची कबर हिंगणघाटला आहे. माझे अजून तिथे जाणे झालेले नाही.

त्याच्या कमानीवरून पृथ्वीचा जो आकार १८३० मध्ये काढला गेला, त्यावर भारताचे नकाशे शतकाहून अधिक काळ बेतले गेले. आमचा हातकणंगले तालुका सर्व्हे ऑफ इंडियाच्या ज्या जुन्या शीटवर येतो, ते ४७ एल, तेही त्याच आकारावर. पूर्वी असे नकाशे मिळवणे जिकिरीचे होते. २०१७ पासून नव्या मालिकेतले नकाशे घरबसल्या उतरवून घेता येऊ लागले, आणि २०२१ मध्ये केंद्र सरकारने नकाशाच्या माहितीवरचे बरेच निर्बंध उठवले. आता आकार उपग्रहांवरून काढलेला आहे. त्यामुळे जुन्या शीटवरचे अक्षांश-रेखांश मोबाइलमध्ये घातले तर बिंदू थोडा बाजूला पडतो.

आता पाणंद. गाव नकाशा लॅम्बटनचा नव्हे, हे सांगितले पाहिजे. तो महसुली मोजणीचा, ३३ फुटी साखळीचा. ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे आपला गुंठा. त्यात गाडीवाट तुटक दुहेरी रेषेने दाखवतात आणि पायवाट तुटक एकेरी रेषेने. आमच्या पाणंदीची साक्ष देणारी म्हातारी माणसे एकेक करून गेली, तशी पाणंदही दोन्हीकडच्या नांगराने निमुळती होत गेली. एका पावसाळ्यानंतर उसाची ट्रॉलीच वळेना. शेजारचे आबा आमचे भाऊबंदच. त्यांचे म्हणणे, इथे पायवाटच होती. माझे म्हणणे, गाडीवाट. मी कचेरीतून नकाशाची नक्कल आणली, तर मूळ कापड नेमके आमच्या गटावरच घडीला फाटलेले. दुसरी प्रत मिळेपर्यंत चार महिने गेले. तीत तुटक रेषा दुहेरी होती.

मग मोजणी लागली. भूमापक पोरगा विशीतला, हातात काठी आणि काठीवर उपग्रहाशी बोलणारे रोव्हर यंत्र. साखळी नाही, पन्हाळ नाही. सकाळी साडेदहाला सुरुवात केली आणि जेवणाच्या आत चुन्याच्या दोन रेघा ओढून मोकळा झाला. एक रेघ आबांच्या उसात तीन सऱ्या आत गेली. मी खूश होऊन मागे वळलो, तर दुसरी रेघ माझ्या उसात दोन सऱ्या आत होती. वडिलांच्या हातचा बांध, मी जन्मापासून तोच हद्दीचा म्हणून पाहत आलो होतो.

आबा काही बोलले नाहीत. चुन्याकडे बघत तंबाखू मळत उभे राहिले आणि चिमूट माझ्यापुढे धरली. त्या आठवड्यात आम्ही दोघांनी आपापल्या सऱ्या काढल्या. गळिताला पहिली ट्रॉली त्यांचीच गेली.