पडद्यावरची सखू : हंसा वाडकर

हंसा वाडकर म्हटले की जुन्या प्रेक्षकांच्या डोळ्यांपुढे फडावरची नर्तकी उभी राहते. पायांत चाळ, अंगावर नऊवारी आणि नजरेत एक बेफिकिरी! पण या नर्तकीला आयुष्यभर हवे होते ते चारचौघींसारखे घर, आणि नेमके तेच तिला मिळाले नाही.

त्यांचे खरे नाव रतन साळगावकर. जन्म २४ जानेवारी १९२३, मुंबईचा. घराण्यात कलावंतिणींची परंपरा होती. घरात पैसा नव्हता, म्हणून शाळा अर्धवट सोडून रतन चित्रपटात आली. १९३६ साली ‘विजयाची लग्ने’ आला, तेव्हा ती अवघी तेरा वर्षांची होती. घराण्याच्या नावाला बट्टा नको म्हणून रतन साळगावकरची हंसा वाडकर झाली. गंमत पाहा, मुलीची कमाई घराला चालत होती, नाव मात्र चालत नव्हते!

पुढे बॉम्बे टॉकीजमध्ये ‘नवजीवन’ (१९३९) झाला आणि १९४१ साली प्रभातने त्यांना ‘संत सखू’ दिला. तेव्हा त्यांचे वय होते अठरा. आपण या वयात बी.ए.च्या वर्गात बसून नोट्स उतरवतो. हंसाबाईंचे तोवर लग्न झाले होते. लग्नानंतर काम सोडून संसार करावा ही त्यांची इच्छा. पण संसार चालायचा त्यांच्याच मिळकतीवर आणि कामाचे करार ठरवायचे पती. सासुरवाशीण सखूसाठी विठ्ठल तिचे रूप घेऊन घरात राबला. सखू झालेल्या हंसाबाईंसाठी मात्र कोणी आले नाही.

१९४७ सालच्या ‘लोकशाहीर रामजोशी’तील बयाने त्यांना कीर्तीच्या शिखरावर नेले. मराठीत तमाशापटांची लाट आली ती या चित्रपटानंतर. १९४९ साली त्या ‘संत जनाबाई’ झाल्या, १९५० साली ‘पुढचं पाऊल’मध्ये पु. ल. देशपांडे यांच्याबरोबर चमकल्या. एकीकडे संत, दुसरीकडे तमासगीर. प्रेक्षकांनी दोन्ही रूपे डोक्यावर घेतली.

मध्यंतरी मात्र त्या घर सोडून निघून गेल्या होत्या. आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या मराठवाड्यातील एका खेड्यात, एका गृहस्थाच्या घरी, सवतींमध्ये त्या तीन वर्षे राहिल्या. पडद्यावरची राणी तिथे पडद्याआड कोंडली गेली. तिथून सुटताना ज्या अधिकाऱ्याने रक्षण करायचे त्यानेच अत्याचार केला. हे वाचताना पुस्तक मिटून ठेवावेसे वाटते.

१९५९ साली अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ आला. पुण्याच्या विजयानंद थिएटरात तो सुमारे अडीच वर्षे चालला. यात बुगडीची लावणी जयश्री गडकर यांच्या वाट्याला आली आणि हंसाबाई त्यांच्या आईच्या भूमिकेत होत्या. नव्या पिढीला जागा देण्याची वेळ आली होती. पुढे कामे कमी झाली, दारूने शरीर पोखरले.

याच चित्रपटाचे नाव त्यांनी १९७० साली आपल्या आत्मकथेला दिले. त्या सांगत गेल्या आणि अरुण साधू यांनी शब्दांकन केले. त्यात त्यांनी दुसऱ्यांना सोडले नाही आणि स्वतःलाही सोडले नाही. दारू, चुका, सारे सांगून टाकले. बाईने असे लिहावे का, असे आजही कोणी विचारतो. बाईने सोसावे का, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही.

२३ ऑगस्ट १९७१ रोजी वयाच्या अठ्ठेचाळीसाव्या वर्षी त्या गेल्या. सहा वर्षांनी श्याम बेनेगल यांनी या आत्मकथेवरून ‘भूमिका’ काढला आणि त्यातील अभिनयासाठी स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.